यादी दोनशेची आणि गॅलरीतला दयाळ

पत्र: "सप्रेम नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ४४, बँकेत नोकरी. लॉकडाउनमध्ये गॅलरीतून पक्षी बघायला लागले आणि वेडच लागलं. जानेवारीत आमच्या सहा जणांच्या ग्रुपने ठरवलं, की या वर्षात मुंबई-ठाणे-रायगड मिळून २०० जाती बघायच्या. मार्चअखेर माझ्या ११८ झाल्या होत्या. आता जुलै संपत आलाय आणि आकडा १३१वर अडकलाय. दोघं १५०च्या पुढे गेलेत. रविवारी पहाटे साडेचारला उठायचं, कुणी काही दिसल्याचं टाकलं की उरणला पळायचं, नाही दिसलं की दिवसभर चिडचिड. मुलगा विचारतो, 'आई, तू पक्षी बघायला जातेस की हजेरी घ्यायला?' परवा गॅलरीत दयाळ गात होता. एकदा बघितलं, 'हा तर झालाय' असं मनात आलं आणि आत निघून आले. नंतर फार वाईट वाटलं. ध्येय सोडून देऊ का? पण ध्येय नसलं की रविवारी लोळत पडणार, हेही मला माहीत आहे. आणि ग्रुपला काय सांगू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

दयाळ सोडून आत आल्यावर तुम्हाला वाईट वाटलं, म्हणजे छंद अजून शाबूत आहे. ज्याचा गेलेला असतो त्याला वाईट वाटत नाही, त्याच्या ते लक्षातही येत नाही. तेव्हा ध्येय सोडू नका. मात्र ते ज्या गोष्टीवर बांधलंय ती बदलावी लागेल.

आधी १३१बद्दल. तुम्ही कमी पडलात म्हणून आकडा थांबलेला नाही. मुंबईच्या आसपास वर्षाची यादी जानेवारी ते मार्च भराभर वाढते, कारण तेव्हा हिवाळी पाहुणे इथेच असतात: चिखल्या, तुतवार, धोबी, पर्णवटवट्ये, भोवत्ये. एप्रिलपर्यंत त्यातले बहुतेक उत्तरेला परततात. मग सप्टेंबरअखेरपर्यंत यादीत फारशी भर पडतच नाही, चातकासारखे थोडे पावसाळी पाहुणे सोडले तर. ऑक्टोबरात पुन्हा चढ लागतो. म्हणजे एप्रिलनंतर तुम्हाला १३ नवे मिळाले, हे या ऋतूत चांगलंच म्हणायला हवं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्या ५० जाती सोसायटीच्या आवारात आणि रस्त्यालगतच्या झाडांवर मिळतात. पुढच्या ५० खाडीवर आणि राष्ट्रीय उद्यानात दोन-चार फेऱ्यांत. त्यानंतरची प्रत्येक जात जास्त तास, जास्त प्रवास आणि जास्त नशीब मागते. तुमच्या उरलेल्या ६९मध्ये सोपं काही राहिलेलं नाही. दुरून एकसारखे दिसणारे करडे चिखलपक्षी, पानांआड क्षणभर दिसणारे वटवट्ये, उंचावरून जाणारे शिकारी पक्षी, असेच सगळे. जसजसा आकडा महाग होतो तसतसा एका रविवारातला आनंद त्या एका पक्ष्यावर टांगला जातो. तो दिसला नाही की सगळी सकाळ वाया गेल्यासारखी वाटते, मग त्या सकाळी शेकाट्यांचा अख्खा थवा डोक्यावरून गेलेला असो.

आणि २०० का, याचंही उत्तर ग्रुपकडे नसेल. गोल आकडा आहे, एवढंच. रोज १०,००० पावलं चालायची हा आकडासुद्धा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. संशोधन त्यावर नंतर झालं. गोल आकड्याला पावित्र्य नसतं. तो बदलला तर कुणाचा अपमान होत नाही.

मोजल्याने गोडी का जाते, हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी तपासून झालंय. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी तेच रंगीत पेन ठेवले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ त्यांच्याशी खेळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षित मिळालं त्यांची गोडी मात्र टिकून होती. पुढे २०१६मध्ये जॉर्डन एटकिन या संशोधिकेने दाखवलं, की चालणं, वाचन, रंगकाम अशा आवडीच्या गोष्टी मोजायला लावलं की माणसं त्या जास्त करतात, पण त्यातली मजा कमी होते आणि नंतर ती स्वतःहून त्या कमी करतात. तुमचं पत्र याच गोष्टीचं उदाहरण आहे: एकाच वेळी जास्त फेऱ्या आणि कमी आनंद. धावणाऱ्यांचं, वाचणाऱ्यांचं, पेटी शिकणाऱ्यांचंही हेच होतं.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम या आठवड्यात, घरी बसून, पेन्सिल घेऊन. १३१ची यादी कागदावर उतरवा. प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा: हा पक्षी उद्या मी एकटी असताना, कुणी बोट न दाखवता दिसला, तर ओळखेन का? ओळखणार असाल तर बरोबरची खूण, खात्री नसेल तर कोरं ठेवा. ज्यांची ओळख कुणीतरी कानात सांगितली, ज्यांचा फक्त ठिपका दुर्बिणीतून दिसला, ते कोरेच राहतील, आणि असे बरेच निघतील. निराश होऊ नका, हीच तुमची खरी कामाची यादी. या ऑक्टोबरात ते पक्षी पुन्हा येतील तेव्हा ते तुमच्यासाठी नवेच असतील, आणि एकही किलोमीटर जास्त न जाता.

दुसरं: १ ऑक्टोबरपर्यंत आकडा बघायचाच नाही. नोंदी करत राहा, पण ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ आणि ॲप) तुमची वर्षाची एकूण संख्या जिथे दिसते ते पान उघडू नका. बेरीज ते आपोआप करतं, तुम्ही लक्ष ठेवलं नाही म्हणून एकही जात हरवणार नाही. ग्रुपवर आकडे येत असतील तर दोन महिने म्यूट करा. शिवाय नोंद बाहेर उभं राहून फोनवर करायची सवय असेल तर तीही सोडा. खिशात छोटी वही ठेवा, तिच्यात रेघा मारा आणि घरी चहा घेताना चढवा. फोन हातात असला की पुढची नोंद शोधत डोळे फिरतात, समोरचा पक्षी काय करतोय ते बघायचं राहून जातं.

तिसरं काम मुख्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

ऑगस्ट आणि सप्टेंबरसाठी एक जागा ठरवा. घरापासून चालत १५ मिनिटांच्या आत. पक्षी बघणाऱ्यांचं आवडतं भांडुप पंपिंग स्टेशन तुम्हाला जवळ आहे, पण दर आठवड्याला चालत जायला तेही लांबच. सोसायटीमागचा पिंपळ, मैदानाची कड, नाल्यालगतचं गवत चालेल. एक मोठं झाड हवं, शक्यतो वड, पिंपळ किंवा उंबर, कारण फळं धरली की तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या स्वतःहून येतात. थोडं न कापलेलं तण हवं. आडोशाला उभं राहता यावं. बास. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वारी आणि एकाच वेळी, तिथे ३० मिनिटं थांबायचं. पहिली पाच मिनिटं दुर्बीण गळ्यात, डोळ्यांना लावायची नाही, नुसतं ऐकायचं आणि कुठे काय हलतंय ते बघायचं. पुढची वीस मिनिटं बघणं आणि मोजणं. शेवटची पाच लिहिणं. वहीत तारीख, सुरुवातीची वेळ, आभाळ आणि पाऊस, प्रत्येक जातीचे किती, आणि एक प्रश्न.

यात कावळेसुद्धा मोजायचे. ई-बर्डवर 'ओळखता आलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या का' असा प्रश्न येतो. त्याला 'हो' म्हणता येईल अशी पूर्ण यादी संशोधकांना सगळ्यात उपयोगी पडते. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणच्या अशा याद्या असल्या की कोणता पक्षी वाढतोय आणि कोणता हटतोय ते कळतं. अशा यादीत १२ गावकावळे आणि एक दुर्मीळ पाहुणा यांचं वजन सारखंच. 'हा तर झालाय' या वाक्याला तिथे जागाच राहत नाही, कारण दर आठवड्याला प्रत्येक पक्षी पुन्हा 'व्हायचा' असतो.

प्रश्न काय लिहायचे? पावसाळा नव्या जातींना कंजूष आहे, पण वागणुकीला फार श्रीमंत आहे, आणि यादीच्या मागे पळणारे तो अख्खा घालवतात याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. तुमचा दयाळ घ्या. मार्चपासून तो गातोय. विणीचा हंगाम सरला की गाणं कमी होत जातं आणि हिवाळ्यात तो जवळपास गप्प होतो. तुमच्या गॅलरीसमोरचा कोणत्या तारखेनंतर गायचा थांबला? रोज सकाळी एकाच टोकावर बसतो का? दुसरा नर आला तर काय करतो? फोनवर आठवड्याला दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि सप्टेंबरात पहिलं आणि शेवटचं एकापाठोपाठ ऐका. शिंपी पक्ष्याचं घरटं या दिवसांत कुंडीतल्या मोठ्या पानाच्या झाडातही सापडतं. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडून तो धागे ओवतो, बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि म्हणून धागा निसटत नाही. हे दुरून, दुर्बिणीतूनच बघायचं. पानं सरकवून आत डोकावलं तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो. ढोकरी एरवी मातकट रंगात चिखलात दिसेनाशी होते, आता तिची पाठ गर्द तांबूस असते. आणि कावळीण कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसली तर दहा मिनिटं तिथेच थांबा. तिच्यापेक्षा वेगळ्या चेहऱ्याचं, चोच उघडून मागणारं ते पिल्लू आणि तिची धावपळ; हे यादीत कुठे चढवणार?

एखादा रविवार सुगरणीसाठी ठेवा. उरण-पनवेलकडे शेताच्या बांधावरच्या शिंदीवर किंवा बाभळीवर वसाहत शोधा आणि २५-३० मीटरवर थांबा. नर घरटं अर्धं, टोपीसारखं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर नर खालची नळी पुरी करतो, नाही तर ते अर्धंच राहतं. किती अर्धी आणि किती पुरी, मोजून लिहा. एकाच नरावर २० मिनिटं नजर ठेवा, तो किती धागे आणतो ते बघा. उरणला तुम्ही आधी गेलाच आहात, पण यासाठी गेलात तर परतताना चिडचिड होणार नाही, कारण वसाहत कुठे पळून जात नाही.

पावसात जाणार म्हणून एक पोटविषय. मुंबईच्या दमटपणात दुर्बिणीच्या काचांना बुरशी धरते आणि ती काढणं महाग पडतं. आल्याबरोबर कापडी पिशवीत कोंबू नका. पंख्याखाली तासभर कोरडी होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांमधल्या दाण्यांचा रंग बदलला की बदला. काच पुसताना आधी धूळ फुंकणीने उडवा, नंतर कापड. उलट केलंत तर ओरखडे पडतात. गळ्यातली ६००-७०० ग्रॅमची दुर्बीण तासाभरात मानेला बोचत असेल तर साध्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरून पाठीवर येणारा पट्टा घ्या. पक्षी बघण्यातला कंटाळा पुष्कळदा मानेतून सुरू होतो. लांब पल्ल्याच्या झूमचा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर या वर्षी थांबा. १५०-६०० मिमीची लेन्स एकटी दोन किलोच्या आसपास भरते, आणि यादीच्या जोडीला फोटोचंही ओझं येतं.

आता तुमची भीती: ध्येय नसलं की लोळत पडाल. म्हणून वर सांगितलेली ३० मिनिटं हे ध्येयच आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पक्षी येणं तुमच्या हातात नाही, तिथे जाऊन उभं राहणं आहे. तरीही जड वाटेल त्या आठवड्यासाठी खालची पायरी ठरवून ठेवा: गॅलरीत १० मिनिटं, उभं राहून, वहीसकट. तेवढं झालं तर आठवडा भरला. तेही चुकलं तर पुढच्या आठवड्यात दुप्पट करायचं नाही. भरपाई सुरू झाली की छंदाचा हप्ता होतो, आणि बँकेत बसून हप्त्यांचं काय होतं ते तुम्ही रोज बघता. सलग किती आठवडे झाले हेही मोजू नका. साखळी तुटली की माणसं छंदच सोडतात, एका चुकलेल्या आठवड्यापायी.

महिन्यातला एक रविवार पूर्ण मोकळा. वही नाही, ई-बर्ड नाही, आवाजावरून नाव सांगणारं ॲपही नाही. मुलाला घेऊन राणीच्या बागेत जा (बुधवारी बंद असते) किंवा सायन-धारावीच्या कडेला, पूर्वीच्या कचराडेपोवर उभारलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात. पक्षी दिसले तर बघा, नाव आठवलं नाही तरी चालेल. राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल आणि सुट्टी सोमवारची असेल तर उपयोग नाही, त्या दिवशी ते बंद असतं.

ऑक्टोबरपासून यादी पुन्हा उघडा, पण तीन अटींवर. कुणी टाकलेल्या दुर्मीळ पक्ष्यामागे महिन्यातून एकदाच जायचं. जाण्यायेण्यात जितका वेळ जाईल, किमान तितकाच वेळ तिथे थांबणार असाल तरच निघायचं. तीन तास प्रवास आणि वीस मिनिटं शोध, ही चिडचिडीची ठरलेली कृती आहे. आणि जो पक्षी पुन्हा एकटीने ओळखता येईल तोच यादीत. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज लावू नका, इतर लावत असतील तर थांबवा. दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो खाणं किंवा पिल्लं सोडून भांडायला येतो. आकड्याच्या घाईत सगळ्यात आधी घसरते ती ही शिस्त.

रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, घाई करू नका. ऐरोली तर तुम्हाला खाडीपुलापलीकडेच आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे सरकतात, पूर्ण ओहोटीला ते चिखलावर फार लांब पांगतात. पाणी चढत किंवा उतरत असतं त्या मधल्या वेळी ते काठाजवळ असतात. रोहित बघायला गेलेले अर्धे लोक हे न बघता जातात आणि गुलाबी रेघ बघून परततात.

हे नवं ध्येयही बिघडू शकतं, त्यासाठी एक तपासणी. घरी आल्यावर मुलाला एक गोष्ट सांगायची, पक्षी काय करत होता याची. आकडा किंवा नुसतं नाव चालणार नाही. सलग दोन फेऱ्यांनंतर सांगण्यासारखं काहीच नसेल, तर जागा बदला किंवा वेळ बदला. सकाळी सहाऐवजी संध्याकाळी पाचला जाऊन बघा. चार फेऱ्यांनंतरही नसेल तर तीन आठवडे दुर्बीण डब्यात ठेवा आणि रविवारी खुशाल लोळा. छंदाला रजा घेता येते, त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही.

राहिला ग्रुप. माघार घेतल्यासारखं वाटू नये म्हणून कारणं देत बसू नका, थोडक्यात लिहा: "पावसाळ्यात मी नवे पक्षी शोधत नाहीये. सप्टेंबरअखेरपर्यंत एकाच जागेची यादी आणि सुगरणीची घरटी बघणार. कुणाला यायचं असेल तर दुसऱ्या रविवारी पनवेलकडे जातेय, सातला निघू. आकडे ऑक्टोबरात." आमचा अंदाज असा, की सहांपैकी निदान एकजण तरी लगेच 'मी येतो' म्हणेल, कारण १५०वाल्या दोघांचेही हे महिने रिकामेच चाललेत. आणि फेब्रुवारीत चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते. एका जागी किमान १५ मिनिटं थांबून दिसेल ते सगळं मोजायचं. तोवर तुमच्या पिंपळाच्या बऱ्याच याद्या हातात असतील. ग्रुपला त्या दिवशी तुमच्या जागेवर बोलवा. तिथे कोण कुठल्या फांदीवर बसतं हे तुम्हीच त्यांना दाखवाल.